"घरीच तर असतेस!" फ्रीलान्स काम, रियाज आणि घर एका दिवसात कसं बसवायचं

हे ज्यांच्यासाठी लिहितेय ते लोक साधारण असे: घरून इलस्ट्रेशन, कव्हर डिझाइन, कॅलिग्राफी, लिखाण असलं काहीतरी स्वतःच्या जिवावर करतात, गाणं किंवा वाद्य शिकतात (हौस म्हणून का होईना पण सोडवत नाही), आणि घरात मूल आहे, सासूबाई आहेत किंवा आई-बाबा आहेत, आणि गॅस सिलिंडरवाल्यापासून सोसायटीच्या प्लंबरपर्यंत सगळ्यांना माहितीये की या फ्लॅटमध्ये दिवसभर कोणीतरी असतं. मी पुण्यात पुस्तकांची कव्हरं आणि अंकांची चित्रं करते, गाणं शिकते, मुलगा प्राथमिक शाळेत आहे. खाली जे आहे ते माझ्या घरात चालतं, तुमच्याकडे थोडं इकडेतिकडे करून घ्या.

पहिलं काम, वही घ्या. अ‍ॅप नको, वहीच, कारण ती फ्रिजवर चिकटवता येते आणि घरच्यांना दिसते. आठवड्याचे सात रकाने पाडा आणि आधी काम लिहू नका. आधी रियाज लिहा, गाण्याचा क्लास लिहा, मुलाला शाळेत सोडणं-आणणं लिहा, जेवण आणि झोप लिहा. मग जे उरतं ते काम. सगळे उलटं करतात, काम आधी भरतात आणि उरलेल्या वेळात गाईन म्हणतात, आणि तो उरलेला वेळ नावाचा प्रकार फ्रीलान्समध्ये कधी उरतच नाही, कारण क्लायंटला रात्री साडेदहालाही "एक छोटासा चेंज" सुचतो.

असं केलं की मोकळे तास बघून पोटात गोळा येतो. माझ्याकडे आठवड्याला वीसेक तास असे निघतात ज्यांचे पैसे लावता येतात, बाकी मेल, फोन, कोटेशन, बिलं यात जातात. घाबरू नका, आता याच आकड्यावरून रेट काढायचा.

उदाहरण घ्या. महिन्याचा घरखर्चातला तुमचा वाटा ५०,०००, सॉफ्टवेअर-नेट-वीज आणि पुढच्या लॅपटॉपसाठी बाजूला काढायचे मिळून १०,०००, विम्याचे हप्ते ४,०००, टॅक्स आणि बचत १६,०००. झाले ८०,०००, म्हणजे वर्षाला ९,६०,०००. आता वर्षात ५२ आठवडे असले तरी गणपती, दिवाळी, मुलाचा ताप, मे महिना आणि तुमचं स्वतःचं आजारपण काढून ४४च धरा. ४४ गुणिले २०, ८८० तास. भागाकार केला की तासाला साधारण १,१०० येतात. एका कव्हरला स्केचपासून फायनल फाइलपर्यंत दहा तास लागत असतील तर ११,०००च्या खाली ते काम तुम्हाला परवडत नाही, मग समोरचा कितीही गोड बोलो. कमी पैशात करायचंच असेल तर करा की, मीही कवितासंग्रहांची करते, पण किती कमी घेतोय ते माहीत असू दे. आणि क्लायंटला तासाचा रेट सांगू नका हो, तो आपल्यापुरता, त्याला कामाचा आकडा सांगायचा.

आता रियाज. सकाळी घर उठायच्या आधी पंचवीस-तीस मिनिटं पुरतात पण ती रोज हवीत. फोनवर तानपुरा अ‍ॅप, आपली पट्टी, म्हणजे गायचा मूळ सूर, लावायची (माझी काळी चार), आणि पहिली दहा मिनिटं नुसता खर्ज, मंद्रातले स्वर, लांब आणि हळू. पहाटे फ्लॅटमध्ये तार षड्ज, म्हणजे वरचा सा, लावलात तर शेजारचे काका खाली भेटल्यावर "काय, आज लवकर?" असं विचारतात, त्यामुळे खर्ज हा तब्येतीलाही बरा आणि सोसायटीलाही. मग दोन अलंकार, एक पलटा (हे स्वरांचे ठरलेले सराव), क्लासमध्ये चालू असलेल्या रागाची थोडी आलापी, बस. ताना आणि मोठ्या आवाजाचं सगळं संध्याकाळी, जेव्हा आजूबाजूला कुकर, टीव्ही आणि मुलांचा दंगा चालूच असतो. तबलावाल्यांचं थोडं अवघड आहे, त्यांनी सकाळी बोल तोंडाने म्हणावेत आणि हातावर ताल द्यावा, पढंत हाही रियाजच आहे. पावसाळ्यात तबला उतरतो म्हणून वैतागू नका, दमट हवेने पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडते, खोळीत गुंडाळून कपाटात ठेवा.

एक नियम मात्र घरात आधी बोलून ठेवायचा. तानपुरा चालू असेल तर आई घरात नाही. रक्त, आग किंवा दारात पाहुणे, यापैकी काही असेल तरच हाक. आमच्याकडे हा नियम मुलाला पटकन कळला, मोठ्यांना वेळ लागला. सासूबाईंना सांगताना "मला डिस्टर्ब करू नका" असं म्हणायचंच नाही, "आई, साडेसहापर्यंत माझा रियाज, मग आपण दोघी चहा घेऊ" असं म्हणायचं, आणि मग खरंच चहा घ्यायचा! तो चहा चुकवला की नियम मोडलाच समजा.

कामाच्या वेळेचंही तेच. "मी काम करतेय" हे कोणाला ऐकू जात नाही कारण तुम्ही घरच्या कपड्यात बसलेल्या दिसता. वेळ सांगा. "साडेनऊ ते साडेबारा मी ऑफिसला" हे वाक्य रोज तसंच म्हणायचं. कुरिअर, सिलिंडर, पाणी भरणं, कामवाल्या ताईंशी बोलणं हे सगळं साडेबारानंतर, आणि नवरा घरून काम करत असेल तर बेल वाजल्यावर कोण उठणार याचे वार ठरवून टाका, आमच्याकडे सोमवार-बुधवार-शुक्रवार तो. भांडण होतं सुरुवातीला. होऊ द्या.

गाणं आवडणाऱ्यांसाठी एक युक्ती सांगते जी मला कुठल्याही टायमरपेक्षा बरी वाटते. काम करताना मोठ्या ख्यालाचं एखादं रेकॉर्डिंग लावा, विलंबित (संथ) आणि पुढे द्रुत (जलद) मिळून चाळीसेक मिनिटांचं. ते संपेपर्यंत उठायचं नाही, संपलं की उठायचं, पाणी प्यायचं, मान फिरवायची. विलंबितात स्केच आणि विचाराचं काम छान होतं, द्रुत आलं की हात आपोआप भरभर चालतो, रंग भरणं त्यात उरकून घ्या. पण अक्षरांचं काम असेल, मजकूर लावणं किंवा प्रूफ बघणं, तर शब्द असलेलं काही लावू नका, भावगीत तर नकोच, डोळे एक वाचतात आणि कान दुसरं ऐकतात आणि मग वेलांट्या सुटतात. तेव्हा सतार, बासरी, संतूर. आणि चालू असलेला राग रियाजाचाच असेल तर अजून चांगलं, ऐकणं म्हणजे रियाज नव्हे पण रागाची चाल कानात मुरते.

पैशांचं जरा सविस्तर बोलायला पाहिजे कारण तिथेच सगळ्यात जास्त झोप उडते. काम सुरू करताना ५० टक्के अ‍ॅडव्हान्स, तोंडी नाही, मेलवर. त्याच मेलमध्ये लिहा की दोन वेळा बदल त्या पैशांत, तिसऱ्यापासून वेगळे पैसे, आणि चित्र कुठे आणि किती काळ वापरणार. हे शेवटचं लोक लिहीत नाहीत आणि मग कव्हरचं चित्र मगवर, टी-शर्टवर दिसायला लागतं. (कॉपीराइटच्या लेखी करारात मुदतच लिहिली नसेल तर १९५७च्या कायद्याप्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते, हे माहीत असलेलं बरं.) बिलावर नंबर, तारीख, पॅन, बँक डिटेल्स आणि पैसे कधीपर्यंत द्यायचे ती तारीख. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन फुकट होतं, एजंटला पैसे देऊ नका, आधार आणि पॅन लागतं फक्त. त्याचा फायदा असा की लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायला ग्राहक कंपनी कायद्याने बांधलेली असते, उशीर झाला तर व्याजही लागतं. प्रत्यक्षात कोणी कोर्टकचेरी करत नाही, पण बिलाच्या खाली उद्यम नंबर दिसला की अकाउंटवाले जरा लवकर हलतात असा माझा अनुभव आहे.

पैसे अडकले की मेसेज असा करायचा: "नमस्कार सर, १२ तारखेच्या बिलाचं पेमेंट अजून दिसत नाहीये. या आठवड्यात होईल का? अकाउंट्समध्ये मी कोणाशी बोलू तेवढं सांगा." सॉरी नाही, "त्रास देतेय" नाही, घरची अडचण तर मुळीच नाही. आणि तो शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण संपादक बिचारा पैसे सोडत नसतो, सोडणारा माणूस वेगळाच असतो.

जे पैसे येतील ते एका वेगळ्या खात्यात येऊ द्या आणि तिथून १ तारखेला स्वतःला पगार पाठवा, ठरलेला, तेवढाच. चांगल्या महिन्यात जास्त उचलायचे नाहीत. घरच्यांच्या दृष्टीने याने फार फरक पडतो, "या महिन्यात आहेत का गं पैसे?" हा प्रश्न बंद होतो. त्या खात्यातूनच टॅक्स. प्रोफेशनल फीवर कंपन्या १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच टॅक्स, कापतात, तो तुमच्या नावावर जमा झालाय का ते इन्कम टॅक्सच्या साइटवर बघत जा. टीडीएस वजा करूनही वर्षाचा टॅक्स १०,०००च्या वर जाणार असेल तर अ‍ॅडव्हान्स टॅक्स लागतो, जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखेला. महाराष्ट्रात आपल्यासारख्यांना प्रोफेशनल टॅक्सही असतो, वर्षाला २,५००, तो बरेच जण विसरतात. जीएसटीचं रजिस्ट्रेशन साधारणपणे वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की, त्याच्या जवळ आलात तर सीए गाठा आणि पेढे वाटा.

वर्षाचं कॅलेंडर वेगळं करा, कारण आपलं काम सपाट नसतं. मराठीत चित्रं काढणाऱ्याचा सीझन म्हणजे दिवाळी अंक. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने पहिला काढला तेव्हापासून ही प्रथा आहे आणि जुलै ते सप्टेंबर सगळ्यांना सगळं एकदम हवं असतं. नेमके त्यातच गणपती. तेव्हा जूनमध्येच ठरवा की किती अंक घेणार, गणपतीचे दिवस आधीच खोडून टाका, आणि मानधन अंक निघाल्यावर, कधीकधी तर दिवाळी संपल्यावर येतं हे धरून ऑक्टोबरचा पगार आधीच खात्यात ठेवा, नाहीतर चकल्यांच्या तेलाच्या वेळी तोंड वाकडं होतं.

डिसेंबरमध्ये सवाई. भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला संगीत महोत्सव, पुण्यात राहून गाणं शिकणाऱ्याने तिथे न जाणं म्हणजे काय. तारखा जाहीर झाल्या की त्याच दिवशी चालू क्लायंट्सना मेल टाका, "या दिवसांत मी दुपारनंतर उपलब्ध नाही." कारण सांगायची गरज नाही, पण सांगितलं तर अर्धे जण "अरे वा, आम्हीही आहोत" म्हणतात आणि डेडलाइन आपोआप पुढे जाते. मुलाला एक दिवस न्या, पहिली दोनच सादरीकरणं, सोबत सतरंजी आणि डबा, कंटाळला की घरी. शेवटपर्यंत बसवायचा हट्ट केला तर गाण्यावरच राग धरेल.

मे महिन्याचं सगळ्यात शेवटी सांगते कारण तो खरंच कठीण. शाळा बंद, मूल दिवसभर घरात, आणि नेमकं शाळा सुरू व्हायच्या आधी पाठ्यपुस्तकांची आणि वर्कबुकांची कामं. मी त्या महिन्यात कामाचे तास सकाळी सहा ते नऊ करते, रियाज संध्याकाळी मुलासोबत, तो टाळ्या देत एकताल मोजतो आणि मुद्दाम मात्रा चुकवतो. नवीन क्लायंट मे महिन्यात घेत नाही. मामाच्या गावाला पाठवता येत असेल तर दहा दिवस पाठवा, तिकिटं मात्र मार्चमध्येच काढा.