टाकी नवी, मासे जास्त आणि पाण्यात अमोनिया: आता काय करायचं?

टाकी लावून आठवडा-दहा दिवस झालेत. सुरुवातीला सगळं छान होतं, पण आता पाणी दुधाळ दिसतंय. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करताहेत, कल्ले लालसर झालेत, एखादा कोपऱ्यात पर मिटून बसलाय. या टप्प्यावर बहुतेक जण एक तर औषधाची बाटली आणतात किंवा टाकी रिकामी करून वाळू-दगड घासून सगळं नव्याने लावतात. दोन्ही उपायांनी मासे वाचण्याऐवजी दगावण्याची शक्यताच वाढते. नव्या टाकीत ही लक्षणं दिसली की पहिला संशय अमोनियावर घ्यावा. तो उतरवायचा मार्ग सरळ आहे: पाणी बदला, खाणं थांबवा, मासे कमी करा. टाकी मात्र धुऊ नका.

अमोनिया येतो कुठून

मासे अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतात. विष्ठा, तळाशी उरलेलं खाद्य, कुजकी पानं आणि नजरेआड मरून पडलेला मासा त्यात भर घालतात. जुन्या टाकीत एका गटाचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही घातक. नायट्रेट बरंच सौम्य असतं आणि नेहमीच्या पाणीबदलात निघून जातं.

हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. ते फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, दगडांवर चिकटून राहतात आणि अगदी सावकाश वाढतात. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वसाहत व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, कधी ८ सुद्धा. मासे मात्र पहिल्याच दिवशी सगळे आणलेले असतात.

भर किती पडते याचा हिशोब करून पाहा. खाद्यात ४० टक्के प्रथिनं असतील तर १ ग्रॅम खाद्यात सुमारे ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन असतो. त्यातला निम्मा जरी अमोनियाच्या रूपाने बाहेर पडला, तरी ४० लिटरच्या टाकीत दर लिटरला ०.८ मिलिग्रॅमची भर पडली. एवढं एका ग्रॅममुळे. मासे दुप्पट असले की खाद्यही दुप्पट जातं, आणि जिवाणू तर अजून आलेलेच नाहीत.

पाणी दुधाळ होतं ते वेगळ्याच जिवाणूंमुळे. सेंद्रिय कचऱ्यावर जगणारे हे जिवाणू पाण्यात भराभर वाढतात आणि काही दिवसांत आपोआप ओसरतात. ते काढण्यासाठी काहीही घालू नका, फक्त हवेचा पंप चालू ठेवा, कारण ते पाण्यातला ऑक्सिजन खातात.

पायरी १: आधी मोजा

नुसतं पाहून अमोनिया कळत नाही. काचेसारख्या स्वच्छ पाण्यातही तो भरपूर असू शकतो. अमोनिया, नायट्राइट आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी याचं माप) मोजणारं थेंबांचं किट घ्या. पट्ट्यांपेक्षा ते जास्त भरवशाचं असतं. बाटल्या नीट हलवा, किटवर लिहिलेला वेळ पूर्ण थांबा आणि रंग दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदासमोर धरून जुळवा. घाईत पाहिलं की आकडा कमी दिसतो. नळाचं पाणीही एकदा मोजून ठेवा. काही ठिकाणी पाणी शुद्ध करायला क्लोरामाइन वापरतात आणि त्यातून थोडा अमोनिया मुळातच येतो.

नुसता अमोनियाचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. मुक्त अमोनिया कल्ले जाळतो, अमोनियम त्या मानाने फारसं त्रास देत नाही. किट दोन्हींची बेरीज दाखवतं. मुक्त भाग किती हे पीएच आणि तापमान ठरवतात. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल तर बेरजेतला जेमतेम अर्धा टक्का मुक्त असतो, पीएच ८ ला तो ५ टक्क्यांवर जातो, म्हणजे दहापट. पाणी गरम असेल तर आणखी वाढतो. म्हणून १ पीपीएम (म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम) हा एकच आकडा एका टाकीत सोसवण्यासारखा असतो आणि दुसऱ्या टाकीत धोक्याचा. मुक्त अमोनिया लिटरला ०.०५ मिलिग्रॅमच्या आसपास गेला की कल्ल्यांना इजा होऊ लागते. पीएच ८ च्या पाण्यात १ पीपीएमला ही रेषा गाठलीच जाते. अशा पाण्यात किटवर ०.२५ च्या वर काहीही दिसलं तर मी पाणी बदलतोच.

पायरी २: पाणी बदला, आणि नीट बदला

आकडा जास्त असेल तर आजच ५० टक्के पाणी काढा. ४ पीपीएम असेल तर एका बदलाने २ वर येतो, काही तासांनी पुन्हा निम्मं बदललं की १ वर. निम्म्यापेक्षा जास्त पाणी एकाच वेळी काढण्यापेक्षा हे दोन टप्पे माशांना सोपे जातात. पुढचे काही आठवडे रोज मोजायचं आणि गरज पडेल तसं २५ ते ५० टक्के बदलत राहायचं. कंटाळवाणं आहे, पण मासे टाकीत ठेवूनच जिवाणू वाढवायचे असतील तर याला पर्याय नाही.

नव्या पाण्याचं तापमान टाकीतल्या पाण्याशी जुळवा. क्लोरीन काढणारं द्रावण घाला. बादलीत घालणार असाल तर बादलीच्या मापाने, नळाचं पाणी थेट टाकीत सोडणार असाल तर पूर्ण टाकीच्या मापाने. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं हे खरं, क्लोरामाइन मात्र तसं उडत नाही. आपल्या पाण्यात काय येतं याची खात्री नसेल तर द्रावणच वापरा. क्लोरीन राहिलं तर मासे पोळतात आणि ज्या जिवाणूंची आपण वाट पाहतोय तेही मरतात.

एक प्रसंग असा येतो की भरपूर पाणी बदलणंच घातक ठरतं, आणि तो ओळखता आला पाहिजे. टाकीत बरेच दिवस पाणी बदललेलं नाही, पीएच घसरून ६.३ झालाय आणि अमोनिया ४ पीपीएम दिसतोय. इतक्या कमी पीएचला जवळजवळ सगळा अमोनिया अमोनियमच्या रूपात असतो, म्हणून मासे अजून तग धरून आहेत. आता पीएच ८ चं पाणी निम्म्या टाकीत ओतलं आणि पीएच एकदम ७.८ वर गेला, तर बेरीज २ वर उतरूनही मुक्त अमोनिया ०.०७ च्या घरात जातो. मासे तासाभरात तडफडू लागतात आणि ‘पाणी बदललं म्हणून मेले’ असा समज होतो. पीएच ६.५ च्या खाली असेल तर १०-१५ टक्के पाणी बदला, काही तास थांबा, मोजा, पुन्हा बदला. पीएच वाढवणारी पूड तर मुळीच घालू नका.

पायरी ३: खाणं थांबवा

निरोगी मोठे मासे दोन-तीन दिवस उपाशी सहज राहतात. ते पुढे येऊन काचेला तोंड लावतील, तरी देऊ नका. त्यानंतर एक दिवसाआड, अर्ध्या मिनिटात संपेल एवढंच. तळाशी पडलेले दाणे नळीने ओढून काढा. अगदी लहान पिल्लं असतील तर पूर्ण उपास नको, चिमूटभर द्या.

पायरी ४: मासे कमी करा

लोक सगळं करतात आणि ही पायरी टाळतात. खरं तर जास्त झालेल्या माशांना दुसरी जागा दिल्याशिवाय बाकीची मेहनत फुकट जाते. दुकानदाराला विचारा, बरेच जण परत घेतात. ओळखीत कुणाची मोठी, जुनी टाकी असेल तर तिकडे द्या.

आधी कोणते द्यायचे? जे मोठे होणार ते. गोल्डफिश लहान दिसतो, पण १५-२० सेंटिमीटर किंवा त्याहूनही वाढतो आणि घाण भरपूर करतो. टाकी साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा पुढे फूटभर किंवा त्याहून मोठा होतो. तो शेवाळ खातो, पण टाकीतला अमोनिया कमी करत नाही, उलट स्वतःचा वाढवतो. हे दोन्ही गेले तर छोट्या टाकीचा अर्धा बोजा उतरतो. मासे नदी-तलावात मात्र कधीही सोडू नका. बाहेरून आलेली प्रजाती तिथे रुजली तर तिथल्या माशांचं जगणं अवघड करते.

पायरी ५: जिवाणू जपा

टाकी धुऊ नका म्हणालो ते याचसाठी. रंगीत दगड घासले, स्पंज नळाखाली पिळला, फिल्टरमधला कापूस फेकून नवा घातला, की दोन-तीन आठवड्यांची वसाहत पाच मिनिटांत संपते आणि अमोनिया पुन्हा पहिल्यापासून. स्पंज गच्च भरून पाणी जात नसेल तरच तो काढा आणि टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोनदा हलका दाबा. त्याला लागलेला तपकिरी थर सगळा जाऊ देऊ नका, त्यातच काम करणारे जिवाणू असतात.

फिल्टर दिवसरात्र चालू हवा. या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो, तासन्‌तास बंद फिल्टरमध्ये ते गुदमरतात. हवेचा पंपही लावा, कल्ले दुखावलेल्या माशांना जास्त ऑक्सिजनची गरज असते. रोगाची खात्री नसताना अँटिबायोटिक घालू नका, त्याने हेही जिवाणू मरू शकतात.

या सगळ्याला वेग द्यायचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे ज्यांची टाकी जुनी आणि निरोगी आहे त्यांच्याकडून वापरातला स्पंज किंवा फिल्टरमधले सिरॅमिकचे तुकडे मागून आणणं. ते टाकीच्या पाण्यात ओलेच आणा आणि लगेच फिल्टरमध्ये घाला. कित्येक आठवड्यांचं काम काही दिवसांवर येऊ शकतं. बाटलीतले जिवाणूही मिळतात, पण त्यांच्यावर माझी भिस्त नाही. हे जिवाणू सुप्त बीजाणू बनवत नाहीत, त्यामुळे उन्हातान्हात पडून राहिलेल्या किंवा मुदत उलटलेल्या बाटलीत जिवंत काही उरत नाही.

भराभर वाढणाऱ्या वनस्पतींचा मात्र खरंच उपयोग होतो. हॉर्नवर्ट, तरंगणाऱ्या वनस्पती, किंवा मुळं पाण्यात आणि पानं बाहेर ठेवलेला मनी प्लांट: या सगळ्या वनस्पती अमोनियम थेट शोषून घेतात.

अमोनिया बांधणारी रसायनं आणि झिओलाइट

काही द्रावणं अमोनिया एक-दोन दिवस निरुपद्रवी रूपात बांधून ठेवतात. पाणीबदल लगेच शक्य नसेल तेव्हा ती कामी येतात, पण अमोनिया टाकीतच राहतो आणि बऱ्याच किटवर दिसतही राहतो. आकडा उतरला नाही म्हणून डोस वाढवत जाऊ नका. झिओलाइट या खनिजाचे खडे गोड्या पाण्यातून अमोनिया शोषतात. मीठ घातलं की मात्र तोच अमोनिया परत पाण्यात सोडतात, तेव्हा झिओलाइट आणि मीठ एकत्र वापरू नका.

नायट्राइट चढला तर

दोन-तीन आठवड्यांनी अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट वर जातो. सायकल, म्हणजे अमोनिया-नायट्राइट-नायट्रेट हा जिवाणूंचा क्रम, पुढे सरकल्याची ही खूण आहे, पण धोका टळलेला नाही. नायट्राइट रक्तात शिरून त्याची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घालवतो. पाणी पुरेसं हवेशीर असूनही मासे वर येऊन धापा टाकतात, कल्ले तपकिरी पडतात. पाणी बदलत राहा आणि काहीही न मिसळलेलं साधं मीठ १० लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात, आधी विरघळवून, घाला. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. मीठ वाफेबरोबर उडत नाही, म्हणून नंतर जेवढं पाणी बदलाल तेवढ्याच पाण्यापुरतं पुन्हा घाला.

संपलं हे कसं ओळखायचं

रोजचं खाणं चालू असताना, पाणी न बदलता, सलग काही दिवस अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट हळूहळू वाढतंय, असं दिसलं की जिवाणू टाकीतल्या सध्याच्या माशांना पुरे पडताहेत. पाणीबदल आठवड्याला एकदा, २५ ते ३० टक्क्यांवर आणा. जिवाणू आहेत तेवढ्याच माशांपुरते असतात, म्हणून नवे मासे आणायचे तर एका वेळी दोन-तीन लहानच. पुढचा आठवडाभर अमोनिया रोज मोजा आणि आकडा शून्यावरून हलला तर खाणं लगेच निम्मं करा.