मोटारीवर फिरणाऱ्या डिशचे माउंट खांबावर घट्ट कसे बसवावे

साताऱ्यात आमच्या गच्चीवर मी मोटारीने पूर्व-पश्चिम फिरून वेगवेगळे उपग्रह पकडणारी आठ फुटी सी-बँड डिश (सी-बँड म्हणजे उपग्रह प्रक्षेपणाचा एक लहरपट्टा) प्रथम उभारली, त्या वर्षीच्या वळिवानंतर एक विचित्र गोष्ट झाली. मधले उपग्रह जसेच्या तसे लागत होते, पण पूर्वेकडचा, १०५.५ अंश रेखांशावरचा उपग्रह साफ नाहीसा झाला. मी एलएनबी (डिशसमोरचा, सिग्नल पकडणारा भाग) बदलला, केबलची टोके नव्याने कापली, रिसीव्हरही दुसरा लावून पाहिला, आणि या खटाटोपात दोन आठवडे गेले. शेवटी माउंट, म्हणजे डिशला खांबावर धरणारा सांगाडा, उतरवले तेव्हा खांबावर तीन लहान चकचकीत ओरखडे दिसले, प्रत्येक जेमतेम दीड मिलिमीटर लांबीचा. माउंट धरून ठेवणारे तीन बोल्ट घट्ट होते, तरीही ते पाइपावरून तेवढे घसरले होते.

दीड मिलिमीटरने एवढे काय बिघडते, हे समजले की पुढची सारी काळजी कशासाठी घ्यायची ते आपोआप पटते. तीन इंची पाइपाचा बाहेरचा व्यास ८८.९ मिलिमीटर असतो, म्हणजे परीघ सुमारे २७९ मिलिमीटर. त्याला ३६० ने भागल्यास एक अंश म्हणजे पाऊण मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त, आणि दीड मिलिमीटर म्हणजे दोन अंश. आठ फुटी डिशचा सी-बँडमधील झोत दोन अंशांच्या आसपासच रुंद असतो, त्यामुळे मध्यापासून एक अंश ढळले तरी सिग्नल निम्म्यावर येतो. माउंट खांबाभोवती दोन अंश फिरले की दूरच्या टोकाचा उपग्रह नेमका या मर्यादेपाशी जातो, आणि मधल्या उपग्रहांना मात्र फारसा धक्का बसत नाही. दोष सापडायला वेळ लागतो तो याच कारणाने.

हा पीळ येतो वाऱ्यामुळे. वाऱ्याच्या भारासाठी भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात दिलेल्या सूत्राप्रमाणे, मीटर प्रति सेकंदात मोजलेल्या वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणले की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्यात हा दाब २४० न्यूटन होतो, आणि आठ फुटी डिशच्या सुमारे ४.७ चौरस मीटर तोंडावर तो ११५ किलोच्या घरात जातो. डिशच्या आकाराचा गुणक धरला तर दीडशेच्याही पुढे. हा भार डिशच्या दोन बाजूंवर कधीच सारखा पडत नाही. समजा, केवळ पंधरा किलोचा फरक खांबापासून अर्ध्या मीटरवर पडला, तरी साडेचार सेंटिमीटरहून कमी त्रिज्येच्या पाइपाच्या पृष्ठभागावर तो १६५ किलोंहून अधिक ओढा होऊन येतो. तीन बोल्टांच्या टोकांनी केवळ घर्षणाच्या बळावर एवढा ओढा वर्षानुवर्षे सोसावा ही अपेक्षाच चुकीची आहे, आणि म्हणून पाना आणखी जोराने आवळणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

खांबापासून सुरुवात करावी, कारण खांब ओळंब्यात नसेल तर पुढचे कोणतेही काम टिकत नाही. खांब अगदी उभा असेल तर डिशचे वजन कितीही असो, ते माउंटला खांबाभोवती फिरवू शकत नाही. वजनाची दिशा खांबाला समांतर असते. खांब कलला की तेच वजन रात्रंदिवस माउंटला उताराच्या बाजूला फिरवू पाहते. गवंड्याचा ओळंबा किंवा लेव्हल पट्टी खांबाला दोन बाजूंनी, एकमेकींशी काटकोनात लावून पाहावी, आणि काँक्रीट घट्ट झाल्यावर पुन्हा एकदा पाहावी. पाइप निळ्या पट्ट्याचा, म्हणजे मध्यम जाडीचा घ्यावा. पिवळ्या पट्ट्याचा हलका पाइप बोल्टांच्या टोकाशी दबतो. गाडायच्या टोकाला सळईचे दोन तुकडे आडवे वेल्ड करून घ्यावेत, नाहीतर माउंट खांबावर घट्ट राहील आणि खांबच काँक्रीटमध्ये फिरेल. पाइपात काँक्रीट भरायचे असल्यास वरचा फूटभर भाग रिकामा सोडावा, त्याचे कारण पुढे येईल.

सांगली, मिरज, तासगावकडच्या काळ्या रानात खांब उभा करणाऱ्यांनी खड्डा मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि उथळ पाया तिच्याबरोबर कलतो. साताऱ्यात गच्चीवर काम करणाऱ्यांना एक सोय असते: पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या कॉलमच्या सळ्यांत खांब उभा करून भोवती काँक्रीट ओतता येते. नुसत्या स्लॅबला प्लेट ठोकून आठ फुटी डिश उभी करू नये. स्लॅब गळू लागतो आणि प्लेटही सैल होते.

आता माउंटचा जो नळकांड्यासारखा भाग खांबावर वरून बसतो, त्याला येथे टोपी म्हणू. टोपी आणि पाइप यांच्यात फट असतेच, आणि माझ्या मते आपल्या भागात या फटीकडे होणारे दुर्लक्ष ही सर्वांत मोठी चूक आहे. डिश ज्या अक्षाभोवती फिरते तो अक्ष आडव्या पातळीशी स्थानिक अक्षांशाएवढा कोन करतो. युरोपात तो पन्नास अंशांच्या आसपास असतो, साताऱ्यात मात्र जेमतेम १७.७ आणि सांगलीत १६.९ अंश. अक्ष इतका आडवा असल्यामुळे मोटार सुरू होताना आणि थांबताना बसणाऱ्या हिसक्याचा तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी भाग माउंटला खांबाभोवती पिळतो. उरलेला मोठा भाग टोपीला पूर्व-पश्चिम झुलवतो. पंचवीस सेंटिमीटर उंचीच्या टोपीत दोन मिलिमीटर फट असली तर ती जवळजवळ अर्धा अंश डुलू शकते, आणि मोटारीच्या प्रत्येक फेरीत असे डुलता डुलता बोल्ट ढिले होत जातात.

फट भरण्यासाठी खांबाचा टोपीखाली येणारा भाग आधी सोलून घ्यावा. वेल्डिंगचे थेंब कानशीने काढावेत, रंगाचे पोपडे आणि तेल थिनरने पुसावे. नंतर गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची पट्टी खांबाभोवती गुंडाळून टोपी वरून बसवून पाहावी. हाताने दाबल्यावर ती खरखरत खाली जावी. सहज घसरली तर पत्रा अजून पातळ आहे आणि हातोडा लागला तर जाड आहे. पत्र्याची दोन टोके एकमेकांवर चढू देऊ नयेत, नाहीतर तेवढ्याच जागी फुगवटा येऊन टोपी तिरकी बसते. फट चार मिलिमीटरहून मोठी असेल तर पत्र्याचे थर वाढवत बसू नये. पाइपाच्या मापाचे अस्तर लेथवर करून घ्यावे. कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील कोणत्याही टर्नरला हे काम सांगता येते.

बोल्ट दोन पातळ्यांवर असावेत, वर तीन आणि खाली तीन, प्रत्येक पातळीवर १२० अंशांच्या अंतराने. बाजारातल्या पुष्कळ टोप्यांना एकाच पातळीवर बोल्ट असतात, आणि अशी टोपी त्या पातळीभोवती डुलणारच. खालच्या तीन बोल्टांसाठी भोके पाडून, बाहेरून नट वेल्ड करून घेण्याचा खर्च किरकोळ आहे. आवळताना एकच बोल्ट पूर्ण आवळू नये. प्रत्येकाला पाव फेरा देत, सगळे बोल्ट आळीपाळीने घेत जावे. पान्याला पाइप घालून लांबी वाढवण्याचा मोह टाळावा, कारण त्याने पाइपाच्या भिंतीत खळगे पडतात आणि पुढच्या वेळी बोल्ट त्याच खळग्यात जाऊन बसू पाहतो. प्रत्येक बोल्टावर चेकनट, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून आवळलेला जादा नट, असलाच पाहिजे.

एवढे झाल्यावर दिशा लावावी. सातारा ७४ अंश पूर्व रेखांशावर असल्यामुळे ७४ अंशांवरचा उपग्रह येथून थेट दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ६९ अंश वर असतो. मोटार शून्यावर, म्हणजे तिच्या फेरीच्या मध्यावर, ठेवून माउंटची दक्षिण तेथेच पकडावी. होकायंत्र लोखंडी खांबाजवळ धरू नये. दिशा लागल्यावर पूर्व आणि पश्चिम टोकांचे उपग्रह तपासावेत, आणि प्रत्येक टोकाला डिशची कड हाताने किंचित वर-खाली दाबून सिग्नलची गुणवत्ता पाहावी. एका टोकाला वर दाबल्यावर आणि दुसऱ्या टोकाला खाली दाबल्यावर सिग्नल सुधारत असेल, तर माउंट खांबाभोवती फिरलेले आहे. दोन्ही टोकांना एकाच दिशेने दाबल्यावर सुधारत असेल, तर दोष माउंटच्या कलाचा आहे आणि टोपीला हात लावण्याचे कारण नाही. ही चाचणी मला तेव्हा ठाऊक असती तर एलएनबीचे पैसे वाचले असते.

दिशा पक्की झाली की टोपीच्या खालच्या कडेपासून खांबावर जाणारी एक उभी रेघ आरीपत्त्याने ओढावी, आणि मग किमान आठवडाभर थांबावे. डिश दररोज या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावी. रेघेचे दोन तुकडे एका ओळीत राहिले तरच शेवटचे काम करावे, ते म्हणजे टोपी आणि पाइप यांच्या आरपार एक बोल्ट. यासाठीच पाइपाचे वरचे टोक रिकामे ठेवायला सांगितले होते. समोरासमोरच्या दोन बिंदूंवर सेंटर पंच मारावा, आधी पाच मिलिमीटरचे भोक दोन्ही बाजूंनी आत पाडावे आणि मग १२ मिलिमीटरपर्यंत वाढवावे. भोक बोल्टाहून मोठे झाले तर सारे कष्ट वाया जातात, कारण अर्ध्या मिलिमीटरची ढिलाईसुद्धा अर्ध्या अंशाच्या पुढे जाते. म्हणून येथे पूर्ण आटे असलेला बोल्ट घेऊ नये. ज्याचा गुळगुळीत दांडा दोन्ही भिंतींत बसेल असा घ्यावा. भोकाच्या उघड्या कडांना जस्ताचा रंग लावावा.

ज्यांना पुढे डिश बदलायची आहे किंवा दिशा पुन्हा लावावी लागेल अशी शंका आहे, त्यांच्यासाठी याहून चांगली रचना आहे आणि मी आता तीच वापरतो. टोपीच्या खालच्या कडेला पट्टीची एक जीभ वेल्ड करून खाली सोडायची आणि खांबावर तिच्या दोन्ही बाजूंना एकेक कान वेल्ड करायचा. कानांतून आत येणारे दोन बोल्ट जिभेला दोन्हीकडून दाबतात. एक सैल करून दुसरा आवळला की माउंट केसाएवढे सरकवता येते, आणि दोन्ही आवळून चेकनट लावले की पीळ बोल्टांच्या टोकांवर न येता सरळ जिभेवर येतो. वेल्डिंग करताना एलएनबी आणि मोटारीच्या तारा सोडवून ठेवाव्यात आणि वेल्डिंगची अर्थिंग पकड कामाच्या अगदी जवळ लावावी, म्हणजे प्रवाह मोटारीच्या बेअरिंगमधून जाणार नाही.

९० सेंटिमीटरच्या लहान डिशची मोटार टोपीने नव्हे तर दातेरी यू-क्लॅम्पने खांबाला धरते. तिच्यावरचा भार कमी असला तरी नियम तोच आहे: पाइप गोल, जाड आणि खरखरीत हवा. जिन्याच्या रेलिंगचा स्टीलचा चकचकीत पाइप येथे चालत नाही, त्यावर दात रुतत नाहीत. क्लॅम्पच्या लगेच खाली एक साधी कडी आवळून ठेवावी, म्हणजे मोटार खाली सरकत नाही आणि दिशा लावताना हातावर वजन येत नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला आणि दसऱ्याच्या आसपास, अशी वर्षातून दोनदा गच्चीवर जाऊन आरीपत्त्याची रेघ पाहावी, चेकनटांना पाना लावून पाहावा आणि बोल्टांच्या आट्यांना ग्रीस लावावे. वादळाचा रंग दिसला की सी-बँडची डिश मध्यावर आणून ठेवावी. त्या स्थितीत तिचे तोंड ६९ अंश वर असते आणि बाजूच्या वाऱ्याला तिच्या तोंडाचा तिसऱ्या हिश्श्याहून थोडाच जास्त भाग समोर येतो.