आत-बाशी रायोन कसा समजून घ्यावा

किर्गिझस्तानात एमबीबीएसला आलेल्या आपल्या मुलामुलींना राजधानी बिश्केक पाठ असतं. हॉस्टेल, कॉलेज, ओश बाजार, कुठल्या मार्श्रुत्कात, म्हणजे मिनीबसमध्ये, बसायचं, सगळं. पण या देशातली निम्म्याहून जास्त माणसं खेड्यात राहतात. वॉर्डात समोर येणारा पेशंट कुठून आला, तिथे डॉक्टर आहे का, रस्ता वर्षभर चालू असतो का, हे कळल्याशिवाय त्याची केस निम्मीच कळते. म्हणून माझं सांगणं असं असतं की सुट्टीत दहा ठिकाणं बघत फिरण्यापेक्षा एक रायोन, म्हणजे तिथला जिल्हा, नीट समजून घ्या. मी आत-बाशी निवडला, कारण माझ्या रूममेटचं घर तिथलं आणि तिची आई गावातल्या आरोग्य केंद्रात फेल्डशर. फेल्डशर म्हणजे डॉक्टर नाही आणि नर्सही नाही, पण गावात दोघांचंही काम करणारी व्यक्ती.

नारिन ओब्लास्तातला, म्हणजे नारिन प्रांतातला, हा रायोन देशाच्या दक्षिण सीमेला, चीनला लागून आहे. क्षेत्रफळ १५ हजार चौ. किमीच्या आसपास, म्हणजे जवळजवळ आपल्या पुणे जिल्ह्याएवढं. पुणे जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ९४ लाख माणसं होती, इथे पन्नास हजारांच्या थोडी वर आहेत. इथे जमीन अफाट आणि माणसं मोजकी, हे आधी मनात पक्कं करा. पुढचं सगळं कामकाज त्यातूनच आलेलं आहे.

आधी पाणी बघा

नकाशा घेताना रंगीत तुकडे दाखवणारा राजकीय नकाशा घेऊ नका. डोंगर-दऱ्या दाखवणारा घ्या. सोव्हिएत काळातले एकास दोन लाख प्रमाणाचे नकाशे यासाठी अजूनही उत्तम. त्यावरची अक्षरं रशियन आहेत, पण ती लिपी आठवड्याभरात वाचता येते.

आता निळ्या पेन्सिलीने नद्या काढा. आत-बाशी नदी उत्तरेकडच्या नारिन-तो आणि दक्षिणेकडच्या आत-बाशी या दोन डोंगररांगांच्या मधल्या खोऱ्यातून वाहते आणि नारिन नदीला मिळते. नारिन पुढे सिर दर्या होते, तिचं पाणी अराल समुद्राच्या वाटेवरचं. आत-बाशी रांग ओलांडून दक्षिणेला उतरलात की अक-साईचं उंच, उघडंबोडकं खोरं लागतं. तिथली नदी उलट दिशेने चीनमध्ये जाते आणि तारीमच्या वाळवंटी खोऱ्याला पाणी देते. नैर्ऋत्येला चातिर-कोल हे सरोवर आहे, साधारण ३,५३० मीटरवर. त्यातून एकही नदी बाहेर पडत नाही. आणि पश्चिमेला अर्पाचं खोरं, त्याचं पाणी अलाबुगामार्गे परत नारिनलाच येतं.

एका रायोनमध्ये पाण्याच्या तीन वाटा. आता त्याच नकाशावर गावांवर लाल ठिपके द्या. ठिपके जवळजवळ सगळे आत-बाशी आणि काराकोयुन नद्यांच्या काठाने एका पट्टीत येतात. अक-साई, अर्पा, चातिर-कोल हा सगळा भाग कोरा राहतो. हा कोरा भाग रिकामा आहे असं मात्र समजू नका. रायोनची कमाई तिथेच चरत असते.

(चातिर-कोलच्या काठी पट्टकादंब घरटी करतात. हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर दिसतात त्याच जातीचे हे पक्षी. मला हे कळलं तेव्हा नकाशा बराच वेळ हातातून सुटला नव्हता.)

नावांची गल्लत

आत-बाशी हे नदीचं नाव, खोऱ्याचं, डोंगररांगेचं, रायोनचं आणि मुख्य गावाचंही. नारिन ही नदी, ते शहर, तो ओब्लास्त आणि शेजारचा रायोनसुद्धा. काराकोयुन ही नदीही आणि आयिल आयमाकही, म्हणजे काही गावांचा मिळून एक गट. याहून फसवं म्हणजे अक-ताला: आत-बाशी रायोनात त्या नावाचं आयिल आयमाक आहे आणि नारिन ओब्लास्तात त्याच नावाचा एक वेगळा रायोन. कारा-सू तर देशभर. ओशजवळचं कारा-सू हे मोठ्या बाजाराचं शहर आहे. आत-बाशीतलं कारा-सू हे एक गाव, ज्याच्या जवळ कोशोय-कोर्गोन या जुन्या मातीच्या किल्ल्याच्या भिंती उभ्या आहेत.

म्हणून केस पेपरवर नुसतं गावाचं नाव कधीच लिहू नका. क्रम असा ठेवा: ओब्लास्त, रायोन, आयिल आयमाक, गाव, मग रस्ता आणि घर. तिथली माणसं स्वतःचा पत्ता मोठ्याकडून लहानाकडे असाच सांगतात, त्यामुळे विचारणंही सोपं जातं.

कोणतं काम कोणाकडे

देशात सात ओब्लास्त आहेत, शिवाय बिश्केक आणि ओश ही दोन शहरं ओब्लास्तांच्या बाहेर, थेट देशपातळीवरची. नारिन ओब्लास्तात राष्ट्राध्यक्षांचा प्रतिनिधी नारिन शहरात बसतो. त्याखाली रायोनचा प्रमुख अकिम, त्याचं कार्यालय आत-बाशी गावात. अकिम नेमलेला असतो. आपल्याकडचे जिल्हाधिकारी डोळ्यांपुढे आणलेत तर अधिकाराचा अंदाज येईल, पण माणसं एखाद्या छोट्या तालुक्याएवढी.

लोक मतं देऊन निवडतात ते खाली, गावपातळीवर. काही गावं मिळून एक आयिल आयमाक होतं. त्याची निवडलेली सभा आयिल केनेश आणि कारभार बघणारं कार्यालय आयिल ओकमोतू. ही रचना १९९६ पासूनची, सोव्हिएत काळातल्या ग्रामसोव्हिएतांच्या जागी आलेली. आत-बाशीत अशी अकरा आयमाकं होती: आत-बाशी, अचा-काइंदी, बाश-काइंदी, अक-जार, अक-मोयुन, अक-मुझ, अक-ताला, काझीबेक, कारा-कोयुन, कारा-सू, ताल्दी-सू. होती असं म्हणते, कारण २०२४ मध्ये देशभर आयमाकांच्या विलीनीकरणाची मोठी मोहीम झाली. हातात जुनी यादी असेल तर गावात गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: तुमचं आयमाक आता कुठलं? लोकांना ते तोंडपाठ असतं, कारण दाखला तिथूनच घ्यायचा असतो.

राहत असल्याचा दाखला, कुटुंबात किती माणसं, घरी किती जनावरं याची नोंद आयिल ओकमोतूत. पासपोर्ट, जन्म-विवाहाची कागदपत्रं आत-बाशी गावातल्या नागरी सेवा केंद्रात, ज्याला सगळे त्सोन म्हणतात. वाद छोटा असेल, म्हणजे कुणाचं जनावर कुणाच्या गवतात शिरलं किंवा दोन भावांत कालव्याच्या पाण्यावरून वाजलं, तर अक्साकालांचं न्यायमंडळ. गावातली वडीलधारी माणसं त्यात बसतात आणि कायद्याने त्याला मान्यता आहे.

कुठल्याही कार्यालयात गेलात की समोरच्या बाईला एजे आणि पुरुषाला बाइके म्हणा, म्हणजे ताई आणि दादा. नाव माहीत असेल तर नावानंतर जोडा. नुसत्या नावाने हाक मारली तर चहा मिळेल, काम होईलच असं नाही.

आता कुरणं, म्हणजे खरा कारभार

इथे थांबून वेळ द्या. आत-बाशी समजायचा तर जमिनीकडे ऋतूंच्या हिशेबाने बघायला हवं. हिवाळ्यात जनावरं किश्तोवर असतात, गावाजवळच्या किंवा वाऱ्यापासून आडोसा असलेल्या कुरणांवर. वसंतात मधल्या उंचीवर. उन्हाळ्यात जायलोवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर: अक-साई, अर्पा, ताश-रबातच्या वरच्या दऱ्या. मेंढ्या, घोडे, गाई आणि वरच्या थंडीला टिकणारे याक. शरदात सगळं परत खाली.

२००९ पर्यंत या कुरणांचा कारभार तिघांकडे होता. गावालगतची आयिल ओकमोतूकडे, मधली रायोनकडे, लांबची ओब्लास्तकडे. म्हणजे एकाच मेंढपाळाला वर्षभरात तीन दारं. जवळची कुरणं अति चराईने उजाड आणि लांबची ओस, अशी अवस्था झाली, कारण लांबचा परवाना काढण्यापेक्षा घरामागे चारणं सोपं होतं. २००९ च्या कुरण कायद्याने तिन्हींचा कारभार स्थानिक पातळीवर आणला. या कायद्याप्रमाणे गावकऱ्यांची कुरण समिती, जायित कोमितेत, दर हंगामाचं नियोजन करते, दर जनावरामागे शुल्क घेते आणि चराईचा परवाना देते. त्या पैशातून पूल, पाणवठे, जायलोवर जाणारी वाट दुरुस्त व्हायची असते.

त्यामुळे एखाद्या गावाची हद्द विचारली तर उत्तर दोन भागांत येतं. घरं खाली खोऱ्यात, आणि कुरणं डोंगर ओलांडून कितीतरी किलोमीटर लांब. नकाशावर हे दाखवायला मी गावापासून त्याच्या जायलोपर्यंत बाण काढते. बाण आत-बाशी रांगेवरून पलीकडे जाताना दिसले की रायोनची हद्द चीनच्या सीमेपर्यंत का गेली ते आपोआप उमगतं.

रूममेटच्या आईची वही मी जवळून पाहिली आहे. चौकटीचा कागद, निळं आवरण, कोपरे पार मऊ झालेले. कुटुंबाचं नाव, घर, लहान मुलं, गरोदर बायका, लसीची तारीख. आणि शेवटच्या रकान्यात पेन्सिलीने जायलोचं नाव, शेजारी कुणाचा फोन तिथे लागतो ते. पेन्सिलीने, कारण दर उन्हाळ्यात बदलतं. जूनमध्ये एखाद्या बाळाची लस चुकली तर एजे गावातल्या घराचं दार वाजवत नाहीत. वर जाणारी पुढची गाडी कोणाची, याची चौकशी करतात. हीच सवय तुम्ही लावून घ्या. पेशंटला गाव विचारलंत की लगेच विचारा: जनावरं आत्ता कुठे आहेत? घरातली निम्मी माणसं तिथेच असतात.

उपचाराची शिडी अशी: गावात फेल्डशरचं केंद्र, त्याला फाप म्हणतात. मोठ्या गावात फॅमिली डॉक्टरांचा गट. आत-बाशी गावात रायोनचं रुग्णालय. त्यापुढे नारिनचं ओब्लास्त रुग्णालय आणि मग बिश्केक. अँब्युलन्सचा नंबर १०३.

या भागाचा पेशंट असेल तर यकृताकडे विशेष लक्ष द्या. एकिनोकॉकसचे (कुत्र्या-कोल्ह्यांतून माणसात येणाऱ्या पट्टकृमीचे) दोन्ही प्रकार इथे आहेत, आणि त्यातला अल्व्हिओलर प्रकार वर्षानुवर्षं गुपचूप वाढून कॅन्सरसारखा पसरतो. कुत्री, कोल्हे आणि कुरणातले उंदीरवर्गीय प्राणी या साखळीत आहेत. कुत्रा पाळता का, हा प्रश्न इथे हिस्टरीतला मुख्य प्रश्न आहे. अक-साईत प्लेगचं नैसर्गिक केंद्रही आहे, मार्मोट या बिळात राहणाऱ्या मोठ्या खारवर्गीय प्राण्यात. मेलेलं मार्मोट दिसलं तर हात लावायचा नाही आणि फोटोसाठी जवळही जायचं नाही.

प्रत्यक्ष जाताना

बिश्केकहून नारिनमार्गे चीनच्या सीमेवरच्या तोरुगार्त खिंडीला जाणारा रस्ता ५३९ किमीचा. नारिनला एक मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी आत-बाशी गावात उतरा. रविवार साधता आला तर उत्तम, कारण त्या दिवशी जनावरांचा बाजार असतो. पहाटे जा. घोड्याचे दात बघणारे, हात हातात घेऊन भाव ठरवणारे, सगळ्या आयमाकांतून आलेले लोक एका मैदानात भेटतात. कुणाचं गाव कुठलं हे दोन तासांत जेवढं कळतं तेवढं कार्यालयात आठवड्यातही कळणार नाही.

पुढे रस्ता काराकोयुनच्या खोऱ्याने पश्चिमेला जातो. मुख्य रस्ता सोडून सुमारे १५ किमी आत, ३,२०० मीटरच्या आसपास ताश-रबात हे जुनं बांधकाम आहे: दगडी, मधोमध घुमट, डोंगराच्या कुशीत अर्धं शिरलेलं. ते सहसा पंधराव्या शतकातलं मानतात. चीनमधल्या काश्गरच्या वाटेवरचे तांडे इथे थांबत. इथपर्यंत परवाना लागत नाही.

त्यापुढे मात्र सीमाक्षेत्र. चातिर-कोल, अक-साई, केल-सू सरोवर यांच्यासाठी सीमाक्षेत्राचा परवाना लागतो. तो चौकीवर मिळत नाही. नारिन किंवा बिश्केकमधल्या पर्यटन संस्थेमार्फत काही दिवस आधी अर्ज करावा लागतो, पासपोर्टच्या प्रतीसह. विद्यार्थी व्हिसा आहे म्हणून सूट नाही. तोरुगार्त खिंड ३,७५२ मीटरवर आहे. चीनमध्ये जायचं नसेल तर तिथपर्यंत जाण्यात विशेष काही नाही, ट्रकांची रांग बघायला मिळेल एवढंच.

उंचीचा आदर करा. आत-बाशी गाव सुमारे २,००० मीटरवर आहे, अक-साई ३,००० च्या वर. एक रात्र खाली, एक रात्र ताश-रबातला काढून मगच वर. डोकं दुखून उलटी व्हायला लागली तर गोळी शोधत बसू नका, खाली उतरा. जुलैमध्येही रात्री पाणी गोठू शकतं, आणि हिवाळ्यात अक-साई देशातल्या सर्वांत थंड जागांपैकी एक असते. नोव्हेंबर ते एप्रिल तिकडचा बेत करूच नका.

अक-साईत फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नाही. निघण्याआधी आत-बाशी गावात ज्यांच्याकडे उतरला असाल त्यांना चार गोष्टी कागदावर लिहून द्या: ड्रायव्हरचं नाव, गाडीचा नंबर, कोणत्या जायलोवर कोणाच्या युर्तात (तंबूघरात) राहणार आणि कोणत्या दिवशी परत. किर्गिझ येत नसेल तर रशियनमध्ये लिहा. त्या दिवशी तुम्ही आला नाहीत तर वर जाणाऱ्या पहिल्या गाडीबरोबर ते निरोप धाडतील.