फ्लूची लस, जीबीएसची भीती आणि पुढचे बेचाळीस दिवस

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलेन-बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे हातापायांतली ताकद घालवणाऱ्या जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण वाढू लागले तेव्हा कोकणातल्या कितीतरी घरांतून तिकडे शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मुलांना फोन गेले. दोनशेहून अधिक रुग्णांच्या त्या उद्रेकात संशय दूषित पाण्यावर होता आणि काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला होता. लसीचा तिथे संबंध नव्हता. तरी पुढे आईला फ्लूची लस द्यायचा विषय काढताच तिने विचारले, "ती सुई घेतल्यार पाय गळतत म्हणतत, ता खरा काय रे?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण त्यामागे थोडे तथ्य आहे, ते किती आहे हे समजून घेतले, तर लस घ्यायची की नाही आणि घेतल्यावर काय पाहायचे, हे दोन्ही ठरवता येते.

जीबीएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती, बहुधा एखाद्या संसर्गाशी लढता लढता, स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. १९७६ मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूची लस सुमारे साडेचार कोटी लोकांना दिली गेली आणि लस घेतलेल्या दर लाखामागे अंदाजे एक जादा रुग्ण आढळल्याने डिसेंबरात ती मोहीम थांबवावी लागली. तेव्हापासून दरवर्षीच्या लसींवर नजर ठेवली जाते. काही हंगामांत वाढ दिसतच नाही; दिसते तेव्हा ती दर दहा लाख डोसांमागे एक-दोन रुग्णांची असते.

हा आकडा घराजवळ आणून पाहावा. २०११ च्या जनगणनेनुसार सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या साधारण साडेआठ लाख आहे. जगभरातल्या सर्वसाधारण प्रमाणाने, म्हणजे वर्षाला लाखामागे एक ते दोन या हिशेबाने, एवढ्या वस्तीत कोणतीही लस न देता दरवर्षी आठ ते सतरा जणांना जीबीएस होऊ शकतो. उद्या जिल्ह्यातल्या प्रत्येकाने फ्लूची लस घेतली, तर त्यात एकाची, फार तर दोघांची भर पडेल. दुसरीकडे फ्लूचा आजार स्वतःच जीबीएसला निमित्त ठरतो. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतातील नोंदींवरून २०१३ मध्ये मांडलेल्या हिशेबात लसीमागे दहा लाखांत सुमारे एक, तर फ्लूसाठी डॉक्टरांकडे गेलेल्यांमागे दहा लाखांत सुमारे सतरा जादा रुग्ण दिसले. साठी ओलांडलेल्या, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेल्या माणसाने लस टाळून या आजाराची भीती टाळली असे मानणे मला तरी उफराटे वाटते.

लस घ्यायचे ठरले की वेळ साधावी. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो, लसीचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात, आणि गणपतीला चाकरमानी आले की एकेका घरात वीस-वीस माणसे निजतात. म्हणून आंब्याच्या पेट्या भरण्याच्या धांदलीतही मे महिन्यात एक सकाळ काढावी. त्या दिवशी ताप असेल तर लस पुढे ढकलावी.

सुई टोचण्यापूर्वी डॉक्टरांना एक गोष्ट विचारले नाही तरी सांगावी: पूर्वी कधी जीबीएस झाला होता का, आणि झाला असल्यास तो फ्लूच्या लसीनंतर सहा आठवड्यांच्या आत झाला होता का. तसे असेल तर ही लस सहसा पुन्हा देत नाहीत. तो आजार दुसऱ्या कारणाने झाला असेल तर निर्णय मेंदूविकारतज्ज्ञांशी बोलून घ्यावा. घरातल्यांनी आपसात चर्चा करून नव्हे.

लस झाली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करावा आणि तिथून बेचाळिसाव्या दिवसाला दुसरा, कारण लसीमुळे जीबीएस झालाच तर तो बहुधा या सहा आठवड्यांत दिसतो. आईच्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांच्या खुणांमध्ये हे दोन लाल गोल उठून दिसत होते. पहिले एक-दोन दिवस दंड दुखणे, अंग मोडून येणे, बारीक ताप हे नेहमीचे आहे. लक्ष ठेवायचे ते पावलांकडे: दोन्ही पावलांना मुंग्या येणे, मग पायांतली ताकद कमी होणे आणि दिवसागणिक ते वर सरकत मांड्या, हात, चेहऱ्यापर्यंत येणे. पाटावरून उठताना हात टेकावा लागतो का, चवड्यांवर उभे राहता येते का, घराच्या पायऱ्या कालच्यासारख्या चढता येतात का, हे पाहिले तरी पुष्कळ कळते.

इथे कोकणातल्या दोन गोष्टींनी गोंधळ होतो. लावणीत तासन्‌तास उकिडवे बसल्याने पायाची नस दबून पाऊल बधिर होते, पण ते बहुधा एकाच बाजूचे असते आणि मांडीकडे चढत जात नाही. मण्यारीच्या दंशात मात्र आधी पापण्या जड होतात, गिळणे अवघड होते, आणि अंगावर दंशाची खूण दिसेलच असे नाही. जमिनीवर झोपलेला माणूस सकाळी असा उठला, तर लसीचा विचार बाजूला ठेवून त्याला तत्काळ दवाखान्यात न्यावे आणि सापाची शंका बोलून दाखवावी.

दोन्ही पायांचा अशक्तपणा वाढतो आहे अशी खात्री पटल्यावर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शने किंवा प्लाझ्मा बदलणे हे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत अधिक उपयोगी पडतात, आणि काही रुग्णांना व्हेंटिलेटर लागतो. ही सोय आपल्याला बहुधा कोल्हापूर किंवा गोव्यात बांबोळीला मिळते. पावसात घाटात दरड कोसळली तर वाट बदलावी लागते, म्हणून निघतानाच घाट सुरू आहे की नाही हे विचारून घ्यावे. एका श्वासात वीसपर्यंतही मोजता येत नसेल, किंवा गिळताना ठसका लागत असेल, तर खासगी गाडीऐवजी १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी.

डॉक्टरांना लसीची तारीख आणि बॅच क्रमांक सांगावा व लसीनंतरच्या त्रासाची नोंद करायला सांगावे. त्यासोबत मागच्या महिन्यातले जुलाब, ताप आणि विहिरीच्या पाण्याचा रंग बदलला होता का, हेही सांगावे, कारण निमित्त बऱ्याचदा तिथेच सापडते.