४ बाइटसाठी मेमकॉपीचा कॉल पडत होता, तो असा घालवला

कॉर्टेक्स एम४ (एआरएमचा छोटा प्रोसेसर) वरच्या आमच्या फर्मवेअरमध्ये पॅकेट पार्स करणारा लूप फारच रेंगाळत होता, म्हणून ऑब्जडंप या टूलने असेंब्ली (प्रोसेसरच्या सूचना) काढून बघितली तर प्रत्येक फील्डला मेमकॉपीचा, म्हणजे बाइट एका जागेवरून दुसरीकडे कॉपी करणाऱ्या सी-मधल्या फंक्शनचा कॉल, तेही फक्त ४ बाइट उचलायला! रजिस्टर सांभाळा, उडी मारा, आत लांबी तपासा, परत या, आणि हे सगळं ज्या कामाला एक एलडीआर (मेमरीतून रजिस्टरमध्ये वाचणारी सूचना) पुरते त्यासाठी. ओ२ (कंपायलरचं ऑप्टिमायझेशन) चालू होतं, साइज पण कॉन्स्टंट होती.

कारण बिल्ड फ्लॅग्जमध्ये सापडलं. जीसीसी कंपायलरला फ्रीस्टँडिंग फ्लॅग (खाली पूर्ण स्टँडर्ड लायब्ररी नाही असं सांगणारा) दिला की नो-बिल्टइन (ओळखीच्या फंक्शनांना खास वागवू नको) आपोआप लागतं, मग कंपायलरच्या लेखी मेमकॉपी म्हणजे बाहेरचं कुठलंतरी फंक्शन, तो कॉल तसाच ठेवतो.

टीममध्ये एकाने पॉइंटर कास्ट करून वाचू म्हटलं, मला ते अजिबात पटलं नाही, स्ट्रिक्ट एलियासिंगचा नियम (एका टाइपचा डेटा भलत्याच टाइपच्या पॉइंटरने वाचायचा नाही) मोडतो आणि पुढे कधी काय बिघडेल सांगता येत नाही. मी कॉमन हेडरमध्ये मॅक्रो टाकून मेमकॉपीला __बिल्टइन_मेमकॉपीकडे (कंपायलरला स्वतःला माहीत असलेली मेमकॉपी) वळवलं. परत डंप काढला: एक एलडीआर, एक एसटीआर (मेमरीत लिहिणारी सूचना), बस्स!

साइज रनटाइमला ठरत असेल तर कॉल राहतोच, त्यामुळे खरं फंक्शन लिंकला लागतं, ते काढू नका. ते जिथे लिहिलंय त्या फाइलमध्ये हे हेडर घेऊ नका, आणि तिला नो-ट्री-लूप-डिस्ट्रिब्यूट-पॅटर्न्स फ्लॅग द्या, कारण साधा बाइट-बाइट लूप ओळखून जुनं जीसीसी तिथे मेमकॉपीचाच कॉल घालू शकतं, मग फंक्शन स्वतःलाच बोलवत बसतं.