सोसायटीची मराठी नोटीस थेट कॉम्प्युटरवर

घोडबंदर रोडच्या सोसायटीत ‘उद्या पाणी बंद’ची नोटीस मोबाइलवर लिहून मग कॉम्प्युटरवर पाठवायची, हा द्राविडी प्राणायाम कशाला? विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन इथे मराठी जोडा. जोडताना डिस्प्ले लँग्वेजची खूण दिसली तर काढा, नाहीतर मेन्यूही मराठीत होतात. मग मराठीसमोरच्या तीन टिंबांतून लँग्वेज ऑप्शन्समध्ये जाऊन ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड घ्या.

इथेच बहुतेकांची गाडी अडते: आधीचा इनस्क्रिप्ट वळणाचा (प्रत्येक कळीला देवनागरी अक्षर ठरलेला) कीबोर्ड तसाच राहतो आणि भलतीच अक्षरं उमटतात. तो काढून टाका. आता विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबलं की इंग्रजी-मराठी अदलाबदल. इंग्रजी अक्षरांत शब्द टाइप केला की पर्याय येतात. ‘पानी’ नको, ‘पाणी’ निवडा.

दर महिन्याचा ठरीव मजकूर? विंडोज आणि व्ही दाबून क्लिपबोर्ड हिस्टरी, म्हणजे कॉपी केलेल्या मजकुराची यादी, सुरू करा. शेवटच्या २५ नोंदी राहतात, पण रीस्टार्टनंतर फक्त पिन केलेल्याच उरतात. कॉपी केलेला पासवर्डही तिथे दिसू शकतो, तेव्हा ऑफिसच्या सामायिक मशीनवर ‘क्लिअर ऑल’ केल्याशिवाय उठू नका.