हँडल पोटात घुसलं, कातडी मात्र शाबूत

सायकलच्या हँडलच्या माराने पोटाची भिंत आतून फाटते आणि त्या भोकातून आतडं कातडीखाली येतं, तो हा हर्निया. इंदूरला सर्जरी करताना हा प्रकार क्वचितच दिसतो, म्हणूनच निसटतो. मुलगा सायकलवरून पडतो, हँडलचं टोक बेंबीच्या खाली एका बाजूला बसतं. कातडीवर रुपयाएवढा गोल वळ, खाली मऊ फुगवटा. आई म्हणते, ‘मुका मार आहे, डॉक्टर.’ ज्युनिअरांनो, तेवढ्यावर त्याला घरी पाठवू नका. कातडी ताणली जाते. आतले स्नायू आणि फॅशिया (स्नायूंवरचं मजबूत आवरण) फाटतात.

हलक्या हाताने तपासा. दाबल्यावर फुगवटा आत जातो का, खोकल्यावर वाढतो का, ते पाहा. साकळलेल्या रक्ताची गाठ घट्ट असते, आत जात नाही. पण ताज्या माराला पोट इतकं दुखतं की हाताने खात्री होत नाही. सोनोग्राफीने पोटातलं रक्त कळेल. नाडी-बीपी स्थिर असेल तर कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलं जाणारं औषध, ज्याने आतलं स्पष्ट दिसतं) देऊन सी.टी. कराच. त्यात भोक किती, आत काय अडकलंय, मेसेंटरी (आतड्याला धरणारा, रक्तवाहिन्यांचा पडदा) फाटली का, हे नीट बघा. आतड्याची जखम पहिल्या सी.टी.त हुकू शकते, तेव्हा मुलाला भरती ठेवा आणि त्याच डॉक्टरने पोट पुन्हा पुन्हा तपासावं.

आधी आतडं, मग भिंत. पोट कडक असेल किंवा बीपी पडत असेल, तर मधोमध उघडा आणि आतडं पूर्ण तपासा. बाकी काही नसेल, तर भोकावरच छेद घ्या किंवा दुर्बिणीने करा. मेलेल्या कडा रक्त दिसेपर्यंत कापा, मग एकेक थर ताण न देता शिवा. धागा न विरघळणारा पॉलिप्रॉपिलीनचा किंवा हळू विरघळणारा. मुलांना बहुधा तेवढं पुरतं. मोठ्यांमध्ये भोक मोठं असेल तर स्नायूंच्या मागे कृत्रिम जाळी (मेश), भोकाच्या कडेपासून सगळीकडून ५ सेंमी पुढे जाईल अशी. आतडं फुटून घाण झाली असेल तर कायमची जाळी नको. काही महिन्यांनी बसवता येते. मोटारच्या अपघातात सीटबेल्टच्या पट्ट्याखाली स्नायू कमरेच्या हाडापासून उखडतात. तिथे नुसते टाके तग धरत नाहीत, हाडात अँकर (टाके धरून ठेवणारे छोटे स्क्रू) लागतात.

घरी सोडताना आईला स्पष्ट सांगा: उलट्या, ताप, पोट फुगणं किंवा वारा न सरणं, यातलं काहीही झालं तर लगेच या. काही आठवडे दप्तर उचलायचं नाही. आणि सायकलच्या हँडलची फाटलेली रबरी मूठ आजच बदलून घ्या, उघडी नळीच पोटात घुसते.